मत गावाला, चौकशी शहरात

२०२५ च्या मे महिन्यात परीक्षा आटोपून मी सुरतेला मामांकडे गेलो होतो. मामा कतारगामला राहतात. हिरे घासण्याच्या घंट्या आणि भरतकामाची यंत्रे यांच्या आवाजाने तो सगळा भाग रात्री उशिरापर्यंत जागा असतो. एके संध्याकाळी चहाच्या टपरीपाशी उभा राहून मी अज्जीला फोन केला. आमच्या घरात वडिलांकडची भाषा कानडी, आईकडची मराठी. माझी शाळा मराठी, पण अज्जीशी बोलणे कानडीतच. "अज्जी, ऊट आय्ता?" एवढे विचारून दोन-चार वाक्ये बोललो असेन. फोन खिशात टाकतो तोच शेजारी उभ्या असलेल्या एका गृहस्थांनी हिंदीत विचारले, "ही कुठली भाषा? कुठून आलास? आधार कार्ड आहे का?"

हे गृहस्थ पोलीस नव्हते की कुठले अधिकारी नव्हते. तरी मी घाबरून आपल्या कॉलेजचे ओळखपत्र काढले. त्यावरची कानडी अक्षरे पाहून त्यांचा संशय कमी होण्याऐवजी वाढलाच! शेवटी मामांचे नाव आणि त्यांच्या कारखान्याचे नाव सांगितले तेव्हा सुटका झाली.

घरी येऊन हा किस्सा रंगवून सांगितला. मामी हसल्या. मामा मात्र हसले नाहीत. ते एका भरतकामाच्या कारखान्यात हिशेबनीस आहेत. त्यांनी पिशवीतून हजेरीपट काढला आणि एका नावापुढचे ओळीने पडलेले तीन खाडे मला दाखवले. नाव आमच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर राहणाऱ्या एका बंगाली कारागिराचे होते. एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात पहाटे त्याला झोपेतून उठवून नेले आणि तिसऱ्या दिवशी रात्री सोडले. आधार होते, रेशनकार्डाची नक्कल होती, पण बोलणे बंगाली. गावाहून पंचायतीचा दाखला आणि तिथल्या आमदाराचे शिफारसपत्र फोनवर आले तेव्हा तो सुटला. कुठल्या ठाण्याने नेले ते इथे सांगण्याचे कारण नाही.

"मग आमदाराला सांगायचं ना आधीच," मामी म्हणाल्या.

"कुठल्या आमदाराला?" मामांनी विचारले.

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने हा विषय का हाती घ्यावा, असे कोणी प्राध्यापक विचारतील म्हणून एवढी प्रस्तावना केली. मामांच्या त्या प्रश्नाचे उत्तर शोधता शोधता हा लेख तयार झाला. परदेशी नागरिक हुडकण्याच्या कामात अतिरेक झाला, तर निवडणुकीत जिंकलेली जागा त्याला आवर घालू शकते का? आणि घालू शकत असेल तर ती जागा कुठली?

प्रथम जे घडले ते आकड्यांत पाहू. २६ एप्रिल २०२५ रोजी पहाटे गुजरात पोलिसांनी अहमदाबादेत ८९० आणि सुरतेत १३४ लोकांना बांगलादेशी असल्याच्या संशयावरून ताब्यात घेतले. पहलगामचा हल्ला होऊन चारच दिवस झाले होते. वातावरण तापलेले होते. दोन दिवसांनी राज्याच्या पोलीस महासंचालकांनी सांगितले की, राज्यभरात सुमारे ६,५०० जणांना ताब्यात घेतले असून त्यांपैकी ४५० जण बांगलादेशी असल्याचे कागदपत्रांवरून निश्चित झाले आहे. म्हणजे तोवर शंभरात सात. पुढे तपासात हा आकडा वाढला असेल असे धरले, तरी उरलेल्यांत भारतीय नागरिक पुष्कळ होते, हे त्यांच्या सुटकेवरूनच दिसते. चोरून आलेल्या परदेशी माणसाला परत पाठवण्याचा अधिकार प्रत्येक देशाला आहे आणि तो असावाही. प्रश्न आहे तो, जाळे टाकताना जे बाकीचे त्र्याण्णव सापडतात त्यांचा.

आपली घटना याबाबतीत काय सांगते? वाचकांनी घटनेची प्रत उघडून एक गंमत पाहावी. एकोणिसाव्या अनुच्छेदातली भाषण, संचार वगैरे स्वातंत्र्ये 'नागरिकां'ना आहेत. पण एकविसाव्या अनुच्छेदातले जीविताचे आणि व्यक्तिस्वातंत्र्याचे संरक्षण 'व्यक्ती'ला आहे. बाविसावा अनुच्छेद म्हणतो की, अटक केलेल्या माणसाला चोवीस तासांच्या आत दंडाधिकाऱ्यापुढे उभे केले पाहिजे. त्यातून शत्रुराष्ट्राचा नागरिक आणि प्रतिबंधक स्थानबद्धता एवढेच वगळले आहे. तेव्हा परदेशी असल्याचा नुसता संशय आला म्हणून चोवीस तासांचा नियम सुटत नाही. मग वरच्या मजल्यावरच्या कारागिराचे तीन दिवस कसे गेले? उत्तर साधे आहे. त्याला 'अटक' केलीच नव्हती, 'चौकशीसाठी बसवले' होते. अटकेची नोंद नाही, म्हणून घड्याळ सुरू नाही. कागद नाही, म्हणून कोर्टात दाखवायला काही नाही. आम्हा कॉमर्सवाल्यांच्या भाषेत बोलायचे तर व्यवहार झाला, पण वहीत आलाच नाही.

वहीत न आलेला व्यवहार उकरून काढण्याचे एक ठिकाण म्हणजे विधिमंडळ. तारांकित प्रश्न विचारून सदस्य सरकारला विचारू शकतो की, अमुक तारखांना किती जणांना ठाण्यात आणले, किती तास ठेवले, किती जण भारतीय निघाले. उत्तर छापील येते आणि ते खोटे दिले तर हक्कभंगाचा प्रश्न उभा राहतो. आमदाराचा फोन एका माणसाला सोडवतो. असा प्रश्न पुढच्या खेपेला ठाण्याचा हात जरा आखडता करतो.

इथे एक मोठी अडचण येते. घटनेच्या सातव्या परिशिष्टात नागरिकत्व, परदेशी व्यक्ती आणि देशातून घालवून देणे हे विषय केंद्राच्या सूचीत आहेत, तर पोलीस राज्याच्या सूचीत. परदेशी माणूस शोधून, अडकवून पाठवण्याचे केंद्राचे अधिकार राष्ट्रपतींच्या आदेशाने १९५८ पासून राज्य सरकारांकडे सोपवलेले आहेत. म्हणजे अधिकार दिल्लीचा, हात राज्याचा. विधानसभेत विचारले तर मंत्र्याला म्हणता येते की विषय केंद्राचा आहे. लोकसभेत विचारले तर म्हणता येते की पोलीस राज्याचे आहेत. चेंडू या कोर्टातून त्या कोर्टात जात राहतो. शिवाय १९४६ च्या जुन्या कायद्याप्रमाणेच, १ सप्टेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या इमिग्रेशन व परदेशी नागरिक कायद्यातही आपण परदेशी नाही हे सिद्ध करण्याचा भार ज्याच्यावर संशय त्याच्याच डोक्यावर आहे. दुसऱ्या एखाद्या आरोपात सरकारला पुरावा आणावा लागतो, इथे मजुराला.

आता मताकडे येऊ. कतारगाम हा २००८ च्या पुनर्रचनेत तयार झालेला विधानसभा मतदारसंघ आहे आणि तो सुरत लोकसभा मतदारसंघात मोडतो. २०२४ साली सुरतेत लोकसभेचे मतदानच झाले नाही. काँग्रेस उमेदवाराचा अर्ज सूचकांच्या सह्यांवरून बाद झाला, बाकीच्यांनी अर्ज मागे घेतले आणि २२ एप्रिलला भारतीय जनता पक्षाचे उमेदवार बिनविरोध निवडून आले. कायद्यात हे बसते. परंतु मामींसारख्या तिथल्या लाखो मतदारांचे बोट त्या वर्षी कोरेच राहिले. विधानसभेचे चित्र असे की, २०२२ च्या निवडणुकीत १८२ पैकी १५६ जागा एकाच पक्षाने जिंकल्या आणि दोन नंबरच्या पक्षाकडे १७ उरल्या. प्रश्न विचारायलाही माणसे लागतात. कोणाचे सरकार यावे याबद्दल प्रत्येकाचे मत वेगळे असेल, पण समोरचा बाक रिकामा असला की ठाण्यापर्यंत पोचणारा प्रश्न कमी होतो, इतके तरी कोणत्याही पक्षाच्या माणसाने मान्य करावे.

त्याहून मोठी गोष्ट म्हणजे ज्यांना पहाटे उठवून नेले त्यांच्यापैकी बहुतेकांचे मत कतारगामात नव्हतेच. ते होते मुर्शिदाबादला, मालद्याला, नाहीतर आणखी कुठल्या गावाला. लोकप्रतिनिधित्वाच्या १९५० च्या कायद्याप्रमाणे माणूस जिथे 'सामान्यतः राहतो' तिथे त्याचे नाव यादीत येते आणि एकाच ठिकाणी येते. कारागीर वर्षातले दहा महिने सुरतेत राहतो, पण भाडेकरार नाही, वीजबिल मालकाच्या नावावर, म्हणून नाव गावालाच. निवडणूक आयोगाने २०२२ च्या डिसेंबरात दूरस्थ मतदान यंत्राचा नमुना पुढे आणला होता; परगावी राहून आपल्या मतदारसंघात मत देता यावे अशी ती कल्पना होती. पक्षांचे एकमत झाले नाही आणि ती बारगळली. सारांश, मत गावाला आणि चौकशी शहरात. शहरातल्या आमदाराला या माणसापासून ना नफा ना तोटा.

उलट उदाहरण त्याच सुरतेत आहे. उधना-लिंबायत भागात खानदेशातून आलेली मराठी माणसे पिढ्यान्‌पिढ्या आहेत. मामी तिकडच्याच. ही माणसे गिरणीत आणि मागावर आली, चाळीत राहिली, पण हळूहळू तिथल्या मतदारयादीत गेली. लिंबायतमधून २०१२, २०१७ आणि २०२२ अशा तीन निवडणुकांत संगीता पाटील निवडून आल्या. शेजारच्या नवसारी लोकसभा मतदारसंघाचे खासदार सी. आर. पाटील हे मूळ जळगाव जिल्ह्यातले. मामींच्या माहेरच्या गल्लीत मोठ्याने अहिराणी बोलले तरी कोणी आधार मागत नाही. याला दुसरीही कारणे असतील, पण यादीतली नावे हे त्यातले मोठे कारण आहे, असे माझे मत आहे.

मग ज्याचे नाव शहराच्या यादीत नाही त्याने काय करावे? या प्रश्नाचे जुने उत्तर पाहायला सुरतेहूनच आफ्रिकेला जावे लागते. सुरत जिल्ह्यातून कितीतरी व्यापारी गेल्या शतकाच्या आधीच नाताळ आणि ट्रान्सवालमध्ये गेले होते. मळ्यांवर राबणारे करारबद्ध मजूर त्याआधी, १८६० पासून. नाताळच्या गोऱ्या सरकारने १८९६ साली हिंदी लोकांना मतदारयादीत येण्याची वाट बंद केली आणि लगेच १८९७ साली इमिग्रेशनचा कायदा केला. त्यात युरोपियन भाषेत अर्ज लिहून दाखवण्याची अट होती. आधी मत गेले, मागून अधिकारी आला, हा क्रम लक्षात ठेवण्यासारखा आहे.

ट्रान्सवालची गोष्ट तर आणखी बोलकी आहे. तिथे १९०६ साली आशियाई लोकांसाठी वटहुकूम निघाला: दहा बोटांचे ठसे देऊन दाखला घ्यायचा आणि पोलीस मागेल तेव्हा, मागेल तिथे दाखवायचा. त्याच वर्षी इंग्लंडात निवडणूक होऊन उदारमतवादी पक्ष मोठ्या बहुमताने आला होता. गांधीजी आणि हाजी वजीर अली शिष्टमंडळ घेऊन लंडनला गेले आणि वसाहतमंत्री लॉर्ड एल्गिन यांनी वटहुकमाला संमती नाकारली. विजय झाला! पण तो जेमतेम चार महिने टिकला. १९०७ च्या आरंभी ट्रान्सवालला स्वतःचे विधिमंडळ मिळाले, फेब्रुवारीत निवडणूक झाली आणि मार्चमध्ये त्या विधिमंडळाने तोच कायदा झटपट मंजूर केला. हिंदी माणसाला त्या निवडणुकीत मत नव्हते. दूरच्या सभागृहातली सदिच्छा एकीकडे आणि जवळच्या सभागृहातले बहुमत दुसरीकडे, असा तो सामना होता.

तरीही दूरचे सभागृह अगदीच निरुपयोगी नसते, हे आपल्याच एका माणसाने दाखवले. गोपाळ कृष्ण गोखले मुंबई कौन्सिलातून निवडून कलकत्त्याच्या केंद्रीय विधिमंडळात गेले होते. ती निवडणूक मूठभर सभासदांची, आजच्यासारखी सार्वत्रिक नव्हे. नाताळात काय चालते यावर त्या सभागृहाची काडीचीही सत्ता नव्हती. परंतु नाताळच्या उसाच्या मळ्यांना आणि कोळशाच्या खाणींना मजूर लागत ते हिंदुस्थानातून, आणि मजूरभरतीवर मात्र हिंदुस्थान सरकारचा ताबा होता. गोखल्यांनी २५ फेब्रुवारी १९१० रोजी नाताळसाठीची करारबद्ध मजुरांची भरती बंद करण्याचा अधिकार सरकारने घ्यावा असा ठराव मांडला. तो सरकारने स्वीकारला आणि १ जुलै १९११ पासून भरती थांबली. दोन वर्षांनी सर्वच वसाहतींची भरती थांबवावी असा ठराव त्यांनी आणला, तेव्हा मात्र सरकारी मतांच्या जोरावर तो पडला. १९१२ मध्ये ते स्वतः दक्षिण आफ्रिकेत जाऊन बोथा आणि स्मट्स यांना भेटले. मुदत संपलेल्या मजुरांवरचा तीन पौंडांचा जुलमी कर जायला मात्र १९१४ साल उजाडावे लागले. मधे १९१३ चा संप झाला, हजारो लोक तुरुंगात गेले. गोखल्यांनी कलकत्त्यात दोर ओढला, आफ्रिकेत लोकांनी अंग झोकून दिले. दोन्ही लागले.

माझ्या मते यातला शिकण्याचा भाग असा की, गोखल्यांनी आपल्या सभागृहाच्या हातात कोणता दोर आहे तो नेमका ओळखला. नाताळच्या पोलिसाला ते हुकूम देऊ शकत नव्हते, पण नाताळच्या मळेवाल्याची गरज अडवू शकत होते.

शंभर वर्षांनंतरही चित्र फार बदललेले नाही. ५ फेब्रुवारी २०२५ रोजी अमेरिकेने १०४ भारतीयांना लष्करी विमानातून हातकड्या घालून अमृतसरला आणून सोडले. त्यांत ३३ गुजरातचे होते आणि ३ महाराष्ट्राचे. त्यांना अमेरिकेत मत नव्हते. त्यांच्या हातकड्यांवर आरडाओरडा झाला तो दुसऱ्या दिवशी दिल्लीच्या संसदेत, आणि परराष्ट्रमंत्र्यांना राज्यसभेत निवेदन करावे लागले. खुद्द अमेरिकेत काय झाले? त्याच वर्षी जुलैच्या १ तारखेला तिथल्या सिनेटमध्ये एका भल्यामोठ्या अर्थविधेयकावर ५० विरुद्ध ५० मते पडली आणि उपाध्यक्षांच्या निर्णायक मताने ते मंजूर झाले. इमिग्रेशन खात्याच्या धरपकडीच्या यंत्रणेला त्यातून पुढच्या काही वर्षांसाठी सुमारे ७५ अब्ज डॉलर मिळाले. कायदा जुनाच, पण पैसा नवा, म्हणून माणसे नवी, गाड्या नव्या, तुरुंग नवे. सिनेटची एक जागा इकडची तिकडे असती तर? पैसा सोडणे आणि रोखणे ही विधिमंडळाची जुनी शक्ती; आपल्याकडे कपातसूचना म्हणून ती अजून जिवंत आहे, पण बहुतेक वेळा चर्चेपुरतीच.

आता पुन्हा घराजवळ. १९९८ च्या जुलैत मुंबई पोलिसांनी तीस-पस्तीस बंगाली भाषिकांना बांगलादेशी ठरवून कुर्ला-हावडा एक्स्प्रेसने रवाना केले. त्यांतले पुष्कळसे जरीकाम करणारे होते. त्या वेळी महाराष्ट्रात शिवसेना-भाजप युतीचे सरकार होते आणि पश्चिम बंगालमध्ये डाव्या आघाडीचे. गाडी हावड्याच्या अलीकडे उलुबेडियाला पोचली, तेव्हा जमावाने ती अडवून त्या लोकांना महाराष्ट्र पोलिसांच्या हातून सोडवले. जमावाच्या पुढे होते फॉरवर्ड ब्लॉकचे स्थानिक आमदार. हे लोक आमचे, आम्हाला न विचारता परस्पर कसे नेता, अशी बंगालची भूमिका होती. प्रकरण लोकसभेत गाजले.

आमदाराने गाडी अडवावी हे काही मला पटत नाही. ज्याच्या हातात प्रश्न विचारण्याचे हत्यार आहे त्याने रूळावर उतरण्याची पाळी येऊ नये. पण तो आमदार तिथे का उभा राहिला हे समजण्यासारखे आहे: ज्यांच्या हातात बेड्या होत्या त्यांचे आईबाप त्याचे मतदार होते. मुंबईतल्या आमदारांना ती अडचण नव्हती. पुढच्याच वर्षी, १९९९ मध्ये, महाराष्ट्रातले सरकार निवडणुकीने बदलले; तरी मुंबईतून संशयितांना पाठवणे त्यानंतरही चालूच राहिले. तेव्हा नुसते सरकार बदलले म्हणजे ठाण्यातली रीत बदलते, हे खरे नाही.

गावाकडच्या विधिमंडळाने शहरातल्या मजुराला वाचवायचा आणखी एक प्रयत्न झाला होता, तो आज कोणाला आठवत नाही. ओरिसातून ठेकेदारामार्फत परराज्यात नेल्या जाणाऱ्या मजुरांना 'दादन' म्हणत. ओरिसा विधानसभेने त्यांच्यासाठी १९७५ साली कायदा केला. त्याच धर्तीवर १९७९ मध्ये संसदेने आंतरराज्य स्थलांतरित कामगारांचा कायदा केला. पाच किंवा अधिक असे कामगार असतील तर ठेकेदाराने प्रत्येकाला फोटो लावलेले पासबुक द्यावे. त्यात नोकरीचे ठिकाण, मजुरी, मुदत लिहावी. आणि ते हिंदी-इंग्रजीबरोबर मजुराच्या भाषेतही असावे, असे त्यात होते. बंगाली कारागिराच्या उशाशी पहाटे असे पासबुक असते तर! मी मामांना विचारले. तीस वर्षे हिशेब लिहिणाऱ्या माणसाने असे पासबुक एकदाही पाहिलेले नव्हते. आता २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या श्रमसंहिता लागू झाल्या आणि तो कायदा त्यांत विलीन झाला. विधिमंडळात जिंकलेली गोष्ट कारखान्याच्या दारापर्यंत आली नाही, कारण दाराशी विचारणारा मतदार नव्हता.

निवडून आलेल्या सभागृहाने केलेला कायदा टिकतोच असेही नाही. १९८३ साली संसदेने आसामसाठी वेगळा कायदा करून परदेशी असल्याचा पुरावा देण्याची जबाबदारी तक्रार करणाऱ्यावर टाकली होती. सर्वोच्च न्यायालयाने तो २००५ मध्ये रद्द केला. आसामच्या लोकांचाही त्यावर राग होता, आणि त्याला आधार होता: आंदोलनामुळे १९८० मध्ये आसामच्या १४ पैकी १२ जागांवर लोकसभेचे मतदानच झाले नव्हते. ज्यांच्यासाठी कायदा, त्यांचीच बाके रिकामी. सुरतेच्या २०२४ च्या कोऱ्या बोटांवरून मला ही गोष्ट आठवली, दोन्हींची कारणे अगदी निराळी असली तरी.

२०२५ च्या उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात जे झाले ते उलुबेडियाचीच पुढची आवृत्ती म्हणता येईल, फक्त यंत्रणा जास्त नीटनेटकी. जूनमध्ये महाराष्ट्रात पकडलेल्या पश्चिम बंगालच्या काही मजुरांना सीमेपलीकडे ढकलण्यात आले. ते भारतीय असल्याचे कागद पश्चिम बंगालकडून आले, तेव्हा त्यांना परत आणावे लागले. या कामात तिथल्या स्थलांतरित कामगार कल्याण मंडळाचा पुढाकार होता. हे मंडळ २०२३ साली स्थापन झाले आणि त्या वेळी त्याचे अध्यक्ष राज्यसभेचे खासदार समीरुल इस्लाम होते. ऑगस्टमध्ये राज्य सरकारने परतून येणाऱ्या मजुराला महिना ५,००० रुपये देण्याची योजना जाहीर केली. सप्टेंबरमध्ये विधानसभेत परराज्यांतल्या बंगाली भाषिकांवरील अन्यायावर ठराव आला आणि इतका गदारोळ झाला की सदस्यांना बाहेर काढायला मार्शल बोलवावे लागले. पुढच्या वर्षीची निवडणूक समोर होती, हे उघडच आहे. सगळ्यांचा कळवळा खरा होता असे मी म्हणणार नाही. पण निवडणूक जवळ आली म्हणून का होईना, मुर्शिदाबादच्या मजुराचे कागद मुंबईला पोचले, हा मताचाच परिणाम.

हे सगळे टिपण घेऊन मी नोव्हेंबरात मामेबहिणीच्या साखरपुड्याला पुन्हा कतारगामला गेलो. तेव्हा गुजरातसह बारा राज्ये आणि केंद्रशासित प्रदेशांत मतदारयाद्यांची विशेष सखोल फेरतपासणी चालू होती आणि घरोघर फॉर्म वाटले जात होते. तेव्हा कळले की एकाच घरात राहून मामी कतारगामच्या मतदार आहेत आणि मामा अजून निपाणीचे. गावी थोरल्या मामांच्या शब्दाखातर त्यांनी नाव कधी हलवलेच नव्हते.

"तू कॉमर्सचा ना? मग सांग, कुठं ठेवू?" मामांनी विचारले.

मी म्हटले, "मामा, तुमचं दुकान, डॉक्टर, ठाणं सगळं इथं आहे."

"आणि जमीन तिथं."

"जमिनीला कोणी पहाटे उठवून नेत नाही," मामी आतून म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी मामांनी नाव हलवण्याचा आठ नंबरचा फॉर्म भरला. गुजराती अक्षर माझे त्यांच्याहून वाईट, म्हणून पत्ता मामेबहिणीने लिहिला. पोचपावती त्यांनी वीजबिलांच्या फाइलीत लावून ठेवली. संध्याकाळी वरचा कारागीर खाली आला. त्याच्याही घरून फोन आला होता, तिकडेही फॉर्म आले होते. त्याने मामांना विचारले, असा फॉर्म आपल्याला इथे भरता येतो का?

"येतो," मामा म्हणाले, "पण मग तिथलं नाव जाईल. चालेल का?"

तो बराच वेळ दारात उभा राहिला. मग, गावी विचारून सांगतो, म्हणाला आणि वर गेला.